सेवापूर्तीचा फेटा

१

नोकरी सुटल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी काय करायचं, हे गणपतराव वरुट्यांनी वर्षभर आधीच ठरवून ठेवलं होतं. पेठ वडगावातल्या घरामागं पत्र्याचं शेड उभारून त्यात रंधा, पटाशी, करवत अशी हत्यारं त्यांनी ओळीनं लावली होती. हयातभर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत लाकडाचे साचे घडवले. आता हौसेखातर लाकडाला हात लावायचा होता. पहिलं काम बायकोसाठी पाट. लग्न झाल्यापासून विठाबाई मोडका पाट बदला म्हणून कानीकपाळी ओरडत होत्या.

त्या सोमवारी विठाबाई चहा घेऊन शेडात गेल्या आणि कपबशी हातातून सुटली. गणपतराव पत्र्याखालच्या आडव्या नळीला लटकले होते. गळ्याभोवती डाळिंबी रंगाचं, जरीकाठाचं फेट्याचं कापड होतं. गेल्याच आठवड्यात कंपनीनं सेवापूर्तीचा सत्कार केला, त्यातलाच हा फेटा, असं गावानं बघताक्षणी ठरवून टाकलं. माणसाला नोकरी सुटल्याचं सोसलं नाही, हेही लगोलग ठरलं.

प्राची उगारे अंत्यविधीला जाऊन एका कडेला उभी राहिली होती. तिला कुणी बसा म्हणालं नाही. ही ती मॅडम, एवढंच कुजबुजत्या आवाजात ऐकू आलं.

प्राची मूळची कुरुंदवाडची, पन्नाशी ओलांडलेली. कोल्हापुरात शाहूपुरीत, बॅटरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिचं ऑफिस. निवृत्त होणाऱ्या माणसांची आर्थिक घडी बसवून देणं हा तिचा व्यवसाय. पैसा कुठं ठेवायचा हे ती सगळ्यात शेवटी सांगायची. आधी वर्षभर रंगीत तालीम करायला लावायची: पुढं महिन्याला जेवढे हातात येणार, तेवढ्यातच आत्तापासून घर चालवून बघा. मग विचारायची, पहिल्या सोमवारी सकाळी काय करणार? भले भले इथं गप्प व्हायचे. आणि फंडाची रक्कम आली की गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे नातेवाईक लागतात, त्यांना नाही म्हणायला जीभ रेटत नसेल तर 'मॅडम नको म्हणतात' म्हणा आणि मोकळे व्हा, हा तिचा हुकमी सल्ला. त्यामुळं जिल्ह्यात तिला शिव्या घालणारे मेहुणे आणि जावई काही कमी नव्हते. त्या शिव्या तिनं फीमध्येच धरल्या होत्या.

दिवसकार्य उरकलं आणि विठाबाई एकट्या एसटीनं येऊन ऑफिसचा जिना चढल्या.

"बसा, आक्का," प्राची उठून म्हणाली.

"बसाय न्हाय आलो मी." विठाबाईंचा आवाज बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल इतका मोठा होता. "शनवारी त्यांनी तुमास्नी फोन केलता. फोन ठेवला आणि रातभर कूस बदलत हुते. रयवारी कुठंतर जाऊन आले, घासभर खाल्लं न्हाय. आणि सोमवारी ह्ये असं. गाव म्हणतंय, माझ्या तोंडाला कंटाळून गेले. पोरगं म्हणतंय, तुमी भ्या घातलासा. खरं काय त्ये मला पायजे. काय सांगितलासा तुमी त्यांस्नी?"

प्राचीला त्या फोनमधला शब्द न् शब्द आठवत होता.

२

त्या शनिवारी ती गाडी चालवत होती, एका लग्नाला उशीर झाला होता. गणपतरावांनी विचारलं होतं, "मॅडम, एखाद्याचं समदं पैसं बुडालं आणि घरात पत्ता न्हाय, तर त्यानं काय करावं?"

"घरी सांगायचं. उद्याच्या उद्या."

"तोंड हुईत नसंल तर?"

"तर जवळच्या माणसानं सांगायचं. पण सांगायचंच. लपवलं की माणूस आतून सडतो, गणपतराव."

"व्हय. बरोबर हाय तुमचं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

इतकंच. कुणाचे पैसे, हे तिनं विचारलं नाही. पुढं सिग्नल सुटला होता आणि मागचा टेंपो हॉर्न वाजवत होता.

विठाबाईंना तिनं यातलं काही सांगितलं नाही. "मला थोडे दिवस द्या," म्हणाली. विठाबाईंनी तिच्याकडं रोखून बघितलं, "दिलं," म्हणाल्या आणि आल्या तशा जिना उतरून गेल्या.

दार बंद करून प्राचीनं गणपतरावांची सगळी खाती उघडली. तिला भीती एकच होती, की हा साधा माणूस कुणाच्या तरी नादाला लागून तिच्या नकळत पैसे घालवून बसला आणि मग तिच्याच शब्दांनी घाबरून फासावर गेला. तसं असेल तर हा धंदा बंद करून ती कुरुंदवाडला जाऊन बसली असती. खोटं नाही, तिनं तसं मनाशी ठरवलंच होतं.

पण पैसे होते. जिथं ठेवले तिथं, सगळेच्या सगळे, वारस म्हणून लावलेल्या विठाबाईंच्या नावासकट.

प्राचीला सत्काराचा दिवस आठवला. ती पाहुणी म्हणून पहिल्या रांगेत होती. गणपतराव भाषणात दोन वाक्यं बोलून अडखळले, मग खुर्चीत येऊन बसले, डोक्यावरचा फेटा उचलून टेबलावर उपडा ठेवला, हातातला नारळ त्यात बसवला आणि तिच्याकडं बघून म्हणाले, "सोमवारी पाट, मॅडम." त्या चेहऱ्यावर मरणाचं काही नव्हतं. ज्याचे पैसे शाबूत आणि सोमवारही ठरलेला, तो माणूस 'पैसे बुडाले तर काय करावं' असं स्वतःसाठी कशाला विचारेल?

गणपतराव दुसऱ्या कुणासाठी तरी विचारत होते. मग बुडाले होते कुणाचे?

३

वडगावच्या फौजदार वर्षाराणी खोत यांच्या वडिलांची निवृत्ती प्राचीनंच मार्गी लावली होती. म्हणून त्या शेड दाखवायला आल्या तरी.

"प्राचीताई, मला बी कायतर खुपतंय, पर खुपतंय म्हणून केस उभी राहत न्हाय," वर्षाराणी म्हणाल्या. "पोस्टमॉर्टमचा सविस्तर अहवाल यायचाय. चिठ्ठी न्हाय, भांडण न्हाय. कापड त्यांच्याच फेट्याचं. पातळागत लांबच लांब, अखंड. कंपनीत इचारलं. दरसाल एकाच विणकराकडनं एकाच रंगाचं, एकाच काठाचं घेत्यात. दुसरीकडं कुठं मिळायचं न्हाय म्हणाले."

शेडात पाटाची फळी बाकावर आवळलेली होती. अर्ध्यापर्यंत रंधून झाली होती, आणि रंधा तिथंच, अर्ध्यावर थांबलेला. लाकडाची साल अजून त्याच्या तोंडात होती.

"हात मध्येच थांबलाय," प्राची म्हणाली. "कुणीतरी आलं म्हणून ते उठले."

"नायतर मनात आलं म्हणून उठले. मन कवा फिरंल सांगता येतंय व्हय?"

प्राचीनं शेडाच्या मागं जाऊन बघितलं. तिथं उसातून शेडापर्यंत पायवाट येत होती. त्या वाटेनं आलेलं माणूस घरातून दिसलं नसतं.

ऋतुराज, गणपतरावांचा एकुलता एक मुलगा, कोल्हापुरात राहायचा, एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. प्राची दिसताच त्याच्या कपाळावरची शीर उठली.

"दोनदा मागितलं मी. स्वतःची मशीन घालणार हुतो. काय म्हणाले ठावं हाय? 'मॅडम नको म्हणतात.' बापानं पोटच्या पोराला असं सांगायचं?"

"तुझं कुठं काही बुडालंय का, ऋतुराज?"

"बुडाय माझ्याकडं हाय काय?" तो हसला आणि हसता हसता रडायला लागला. "त्या दिवशी मीच गाडीतनं घरी सोडलं त्यांस्नी. शाल, नारळ, समदं सत्काराचं सामान डिकीत टाकलं हुतं, अजून तसंच पडलंय. काढायचा धीर हुईना मला."

प्राचीला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. ठेवला असता तर त्यानं झिडकारला असता, हेही तिला कळत होतं.

दुसरा होता उदयसिंह, विठाबाईंचा धाकटा भाऊ. प्लॉट पाडून विकायचा धंदा, ऑफिसात एसी, बोटात अंगठ्या. त्यानं आडपडदा ठेवला नाही.

"मागितलं की! एक नंबर प्लॉट हुता. दाजी म्हणाले, मॅडम नको म्हणतात. मनात आलं, शाहूपुरीत येऊन तुमास्नी दोन शब्द सुनवावं." मग फोन पुढं करून त्यानं एक फोटो दाखवला. सत्काराच्या हॉलमध्ये उदयसिंहाच्या डोक्यावर डाळिंबी फेटा, शेजारी गणपतराव बोडक्यानं हसतायत. "त्यांच्या डोक्यावरनं काढला, माझ्या डोक्यावर घातला आणि फोटू काढला. शेवटचा फोटू ह्यो." त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला.

"तुमचे कुठं अडकलेत पैसे?"

"आमच्या धंद्यात रोज बुडतंय, रोज तरतंय. त्ये बायकोलाच माझ्या आधी कळतंय. लपवू कुणापासनं?"

दोघांनाही गणपतरावांनी नकार दिला होता, दोघांचाही राग खरा होता. पण गणपतराव गेल्यानं दोघांच्याही हाताला एक पैसा लागणार नव्हता, आणि हे त्यांना ठाऊक होतं. प्राचीच्या हाती पुन्हा काही उरलं नाही. उरलं होतं एकच नाव, आणि त्या नावावर संशय घेण्याची तिला स्वतःलाच लाज वाटत होती.

४

गुंडू बाटे आणि गणपतराव एकाच खात्यात चिकटले, एकाच कंपनी बसनं, एकाच बाकावर बसून जन्मभर कामाला गेले. गुंडू वर्षभर आधी निवृत्त झाला. गणपतरावांनीच त्याला एकदा प्राचीकडं आणलं होतं. गुंडूनं तासभर ऐकून घेतलं, 'बगू की' म्हणाला आणि परत काही फिरकला नाही. असे पुष्कळ असतात.

वडगावाबाहेर उसाच्या कडेला त्याचं घर. बायको चिमणाबाई प्राचीला बघून लगबगीनं तांब्याभर ताक घेऊन आली आणि समोरच बसली.

"तुमचं लई उपकार हाईत बगा. तुमच्या हातात हाय समदं, म्हणून आमास्नी रातीची झोप लागती. आता लेकीचं लगीन बी काढलंय."

प्राचीनं मान हलवली. सगळ्या कामगारांच्या बायका तिच्याशी असंच काही बोलायच्या, आणि तिचं लक्ष गुंडूकडं होतं. गुंडू पार खंगला होता. चिमणाबाई आत गेली तसा तो बोलायला लागला.

"सत्काराला बी जाता आलं न्हाय मला. ताप चढलावता. गणपा म्हणाला, तू न्हाईस तर कसला सत्कार." त्यानं डोळे पुसले. "मला काय वाटतंय सांगू? घरी आला असंल, फेटा सोडला असंल, घडी घालाय बसला असंल. माझं बी तसंच झालतं. घडी घालता घालता वाटतंय, झालं, संपलं आता समदं. त्यातच त्याच्या मनात आलं असंल."

"रविवारी ते कुठं गेले होते, काही कल्पना?"

"न्हाय. माझ्याकडं न्हाय आला."

"त्यांच्या ओळखीत कुणाचे पैसे बुडालेत का? घरी न सांगण्यासारखे?"

गुंडूनं बाहेर उसाकडं बघितलं. "उदयसिंहाला इचारा. त्याचं प्लॉट काय खरं न्हाईत म्हणत्यात."

प्राची तिथून निघाली. मित्र गेल्यावर इतकं रडणारी माणसं आता कुठं राहिलीत, असं तिला वाटलं. ती गाडीत बसते न बसते तोच वर्षाराणींचा फोन आला.

"प्राचीताई, वरनं विचारणा हाय. अजून काय निघालं न्हाय तर आत्महत्या म्हणून मिटवायला लागणार."

५

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबासो चौगुले आले. शिरोळकडच्या एका हायस्कुलातले मुख्याध्यापक, प्राचीचे जुने अशील. शाळेतला निरोप समारंभ उरकून थेट तिच्याकडंच आले होते. डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी टेबलावर उपडा ठेवला आणि चष्मा, किल्ल्या, फोन असं सगळं त्यात टाकलं.

"झालो मोकळा. पहिल्या सोमवारी काय करणार, हे विचारू नका. झोपणार आहे."

प्राची हसली, आणि हसू अर्ध्यावरच थांबलं. ती फेट्याकडं बघत होती. आतून अस्तर होतं. थरांवर थर बारीक टाक्यांनी जागच्या जागी शिवलेले होते.

"हा बांधलेला नाही?"

"कुठला बांधतोय कोण! ऐन लग्नसराईत फेटेवाला मिळतोय व्हय? ही टोपीच म्हणायची, शिवून तयार मिळते. यात कापडही तुकड्या-तुकड्यांचंच वापरतात."

प्राचीच्या डोळ्यांपुढं टेबलावरचा तो दुसरा फेटा आला. उपडा ठेवला तरी न विसकटलेला, पाटीसारखा, आत नारळ घेऊन बसलेला. एकाच्या डोक्यावरनं अल्लद निघून मेहुण्याच्या डोक्यावर गेलेला. बाबासोंची माफी मागून ती तशीच खाली धावली.

ऋतुराजनं वर्कशॉपच्या दारात गाडीची डिकी उघडली. शालीच्या पिशवीखाली डाळिंबी फेटा होता. नारळ अजून त्यात तसाच होता.

"मी आलो तवर पोलिसांनी कापड नेलतं. मग आण्णांच्या गळ्यात..." त्यानं गाडीला हात टेकला.

वर्षाराणी तासाभरात आल्या. प्राची एक एक बोट मोडून सांगत गेली, आणि सांगताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटत होता.

"तुझ्याकडचं कापड लांब आणि अखंड आहे, म्हणजे ते सोडलेल्या फेट्याचं आहे. गणपतरावांचा फेटा सोडताच येत नाही, आणि तो इथं आहे. त्याच रंगाचं, त्याच काठाचं कापड दुसरीकडं मिळत नाही. मग ते कुणाकडं असणार? याच कंपनीतनं आधी निवृत्त झालेल्या माणसाकडं, ज्याला फेटेवाल्यानं खराखुरा फेटा बांधला होता."

"असे पन्नास असतील वडगाव-कागल पट्ट्यात."

"असतील. पण मारणाऱ्यानं स्वतःचं कापड वापरलं ते गणपतरावांचं म्हणून खपावं म्हणून. म्हणजे यंदा फेटे शिवलेले होते हे त्याला माहीत नव्हतं. सत्काराला तो आलेला नव्हता. ऋतुराज आणि उदयसिंह दोघंही हजर होते, उदयसिंहानं तर फेटा स्वतःच्या डोक्यावर घालून बघितला. त्यांच्या हातून ही चूक होणंच शक्य नाही."

"आणि त्यो जवळचा पायजे. गणपतराव रंधा सोडून उठले, आरडले न्हाईत," वर्षाराणी हळूच म्हणाल्या.

"काल एक माणूस मला म्हणाला, गणपानं फेटा सोडला असेल, घडी घातली असेल." प्राचीनं डोळे मिटून घेतले. "आणि त्याची बायको म्हणाली, सगळं तुमच्या हातात आहे म्हणून झोप लागते. वर्षाराणी, त्या माणसानं माझ्याकडं कधी एक रुपया ठेवलेला नाही."

६

गुंडू पडवीत बसला होता. प्राचीबरोबर साध्या साडीतल्या वर्षाराणींना बघून तो उठला नाही. चिमणाबाई मात्र हसतमुखानं बाहेर आली.

"चिमणावहिनी," प्राची म्हणाली, "गुंडूभाऊंच्या सत्काराचा फेटा आहे का हो घरात? बघायचा होता."

"हाय की! मीच घडी घालून ट्रंकेत ठेवलाय. लेकीच्या लग्नात बांधायचाय त्यांस्नी."

"राहू दे गं," गुंडू म्हणाला. "कशाला उचकापाचक."

"उचकापाचक कसली? वरच तर हाय." चिमणाबाई आत गेली.

ट्रंकेचं झाकण वाजलं. आत कपडे काढल्याचा आवाज येत राहिला, मग दुसरी ट्रंक उघडल्याचा. गुंडूनं दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते.

चिमणाबाई दारात आली ती रिकाम्या हातानं. "न्हाय वो तिथं. कुणी नेला? अवं, तुमी कुणाला दिलासा?"

गुंडूनं मान खाली घातली.

"रविवारी गणपतराव इथं आले होते का, वहिनी?" प्राचीनं विचारलं.

"आलते की भावजी. उसाच्या बांधावर दोघं कवापासनं बोलत हुते. मी च्याला हाक मारली तर न थांबता गेले." ती नवऱ्याकडं वळली. "अवं, बोला की!"

गुंडू बोलला, पण बायकोकडं न बघता. महिन्याला घसघशीत परतावा देणाऱ्या एका स्कीममध्ये त्यानं सगळा फंड घातला होता. ती बुडायला लागली तशी, आणखी घातले की निघतील म्हणून, चिमणाबाईच्या माहेरची जमीन तिची खोटी सही करून गहाण टाकली. तेही गेले. घरात सांगितलं होतं की पैसे उगारे मॅडमकडं आहेत.

"गणपाला सत्काराच्या आदल्या दिवशी सांगितलं. एकट्याला सोसंना मला. रयवारी आला आणि म्हणाला, मॅडमना इचारलंय मी, घरात सांगायलाच पायजे. तुझं तोंड हुईत नसंल तर मी वहिनीला सांगतो. सोमवारी दुपारी येतो म्हणाला." त्यानं पहिल्यांदा प्राचीकडं बघितलं. "पाया पडलो त्याच्या. लेकीचं लगीन मोडंल म्हणालो. ऐकंना. म्हणाला, लपवलं की माणूस सडतोय. सोमवारी फाटंचं गेलो. समजवाय गेलतो, असं म्हणणार हुतो तुमास्नी. पर फेटा घेऊन समजवाय कोण जातंय?"

चिमणाबाई उभ्या जागी खाली बसली. "माझ्या बापाची जमीन?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, कारण त्याहून मोठं जे होतं ते अजून तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पुढं सविस्तर अहवाल आला, त्यातही गळा आधी आवळून मग लटकवल्याचंच निघालं.

७

विठाबाईंकडं प्राची एकटी गेली. ऋतुराज येतो म्हणाला होता, तिनं नको म्हणून सांगितलं. चुलीपुढच्या जमिनीवर विठाबाईंच्या समोर बसून तिनं गुंडूचं नाव सांगितलं, फेट्याचं सांगितलं, उसातल्या वाटेचं सांगितलं.

"म्हंजी ते मला टाकून न्हाय गेले," शेवटी त्या म्हणाल्या.

"नाही, आक्का."

विठाबाईंनी तोंडाला पदर लावला. इतक्या दिवसांत न आलेलं रडं तेव्हा आलं, आणि बराच वेळ थांबलं नाही. प्राचीला तिथंच उठून जाता आलं असतं. सुटल्याचं समाधान तिला मिळालं होतं, तिच्या नावावरचा डाग गेला होता, आणि गावही दोन दिवसांत तिला पुन्हा मॅडम म्हणून बसा म्हणणार होतं. पण विठाबाईंचा एक प्रश्न तिच्याकडं बाकी होता.

"शनिवारचा फोन," ती म्हणाली, आणि तो तिनं जसा झाला तसा सांगितला. त्यांचे शब्द सांगितले, स्वतःचे सांगितले. "मी म्हणाले, जवळच्या माणसानं सांगायचं. म्हणून ते गुंडूकडं गेले."

विठाबाईंनी डोळे पुसले. "पैसं कुणाचं बुडालं म्हणून इचारलं असतंसा तर?"

"तर मी त्यांना एकट्याला जाऊ दिलं नसतं. गुंडूला समोर बसवून मी बोलले असते. माझं कामच आहे ते."

"आणि का न्हाय इचारलासा?"

"घाईत होते."

चुलीवर दूध उतू जायला आलं होतं. विठाबाईंनी सांडशीनं भांडं उतरवलं, झाकण ठेवलं आणि पदरानं हात पुसले.

"तुमी सांगितलासा त्ये बरोबरच हुतं," त्या म्हणाल्या. आवाज आता अजिबात मोठा नव्हता. "मी बी त्यांस्नी त्येच सांगितलं असतं. तुमच्यावर माझा राग न्हाय, देवाशपथ न्हाय. पर माझं पैसं-बिसं जे काय असंल, ते आता दुसऱ्या कुणाकडं तर लावून द्या. तुमचा आवाज ऐकला की मला त्यो फोन ऐकू येतोय."

प्राचीनं सांगलीतल्या एका सल्लागाराचं नाव सांगितलं. माणूस चांगला आहे म्हणाली, वेळ देऊन ऐकून घेतो. विठाबाईंनी ते नाव दोनदा म्हणून पाठ केलं, तिला दारापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं.